भोवत्या: एक नाव, दोन पक्षी

शिकारी पक्ष्यांना नावे देण्याच्या बाबतीत आपले मराठी वाङ्मय कधीच उदार नव्हते. घार, गिधाड, ससाणा, शिक्रा आणि घुबड एवढ्या चार-पाच शब्दांत त्याने बहुतेक काम भागवले आहे. त्यातल्या 'ससाणा' या शब्दाचे कूळ जुने. सशाला खाणारा तो 'शशादन', हा शब्द अमरकोशात श्येनाचा पर्याय म्हणून येतो आणि मराठी ससाणा त्याचाच वंशज, अशी व्युत्पत्ती लावली जाते. श्येनाची थोरवी तर याहून मोठी. वेदांत स्वर्गातून सोम आणणारा तो श्येन, अग्निचयनात विटांनी रचलेली चिती तीही श्येनाच्या आकाराची, आणि महाभारतात शिबी राजाच्या तराजूपुढे बसून मांसाची मागणी करणारा तोही श्येनच. मात्र हा श्येन नेमका कोणता पक्षी, असा प्रश्न आपल्या भाष्यकारांना सहसा पडलेला नाही. प्रतीकाला जात विचारण्याची गरज नसते, हे त्याचे एक कारण असावे.

जात विचारण्याची गरज राजांना पडली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या वीस विनोदांची मांडणी आहे. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, एडके यांच्या बरोबरीने तेथे 'श्येनविनोद' येतो, म्हणजे पाळलेल्या ससाण्यांकडून करवून घेतलेली शिकार. आज आपण ज्याला बीड जिल्हा म्हणतो तो मुलूख त्या काळी कल्याणीच्याच राज्यात मोडत होता. पुढे यादव गेले, सुलतान आले, मोगल आले, आणि बाज, बहिरी, शाहीन, जुर्रा, बाशा अशी फारसी-हिंदुस्थानी नावांची एक नवी ओळ दरबारी भाषेत येऊन बसली. या सगळ्या परंपरेने ज्या पक्ष्यांची दखल घेतली ते मनगटावर बसणारे पक्षी होते. ज्याला मनगटावर बसवून उपयोग नाही, जो राजाला ससा किंवा बगळा मारून देत नाही, त्याच्यासाठी शिकारखान्यात जागा नव्हती आणि म्हणून ग्रंथातही नव्हती.

आमच्या या लेखाचा विषय असा एक बिनउपयोगाचा पक्षी आहे. खरे तर दोन पक्षी आहेत, आणि ते दोन आहेत हीच या इतिहासातली अडचण आहे.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले नांदूरघाट हे गाव बालाघाटाच्या मुलखातले. काळ्या जमिनीच्या पट्ट्यांमधून वर आलेले मुरमाड उंचवटे, त्यांवर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते, अधूनमधून बोर-बाभळीची झुडपे आणि उतारांवर रब्बीची ज्वारी, असे या बाजूच्या माळाचे रूप. गवत पिवळे पडू लागले की सप्टेंबर-ऑक्टोबरात या माळांवर उत्तरेकडून लांब पंखांचे, लांब शेपटीचे, सडपातळ असे शिकारी पक्षी उतरतात. ते घारीसारखे उंच घिरट्या घालीत नाहीत. जमिनीपासून हात-दोन हातांवर, पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांना चाटून जावे तसे ते माळ विंचरत जातात. मध्येच गिरकी घेऊन गवतात पडतात आणि टोळ, सरडा, उंदीर किंवा चंडोल घेऊन उठतात. रात्री झाडावर न बसता गवतात जमिनीवरच बसतात. मार्च-एप्रिलपर्यंत ते परत गेलेले असतात. मराठी पक्षिनामांत या कुळाला 'भोवत्या' किंवा 'हारीण' म्हणतात. भोवणे म्हणजे गरगर फिरणे. भोवती फिरणारा तो भोवत्या. गंमत अशी की या कुळाचे लॅटिन नाव 'सर्कस' हेही ग्रीक 'किर्कोस'वरून, म्हणजे वर्तुळाकार फिरण्यावरूनच आलेले आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन भाषांनी एका पक्ष्याकडे पाहून एकच क्रियापद निवडावे, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

दख्खनच्या माळावर उतरणाऱ्या भोवत्यांत दलदलीवरचाही एक आहे. तो आकाराने मोठा, पाण्याच्या काठाने राहणारा, सहज वेगळा कळणारा. त्याला येथे बाजूला ठेवू. उरतात ते माळावरचे दोन सख्खे: पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या. दोघांतले नर फिकट राखी. पांढुरक्याचा रंग इतका उजळ की दुपारच्या उन्हात तो पांढराच दिसतो, आणि पंखांच्या टोकाला अरुंद काळी पाचर. माँटेग्यूचा नर थोडा गडद, पंखांवर एक काळा आडवा पट्टा, पोटावर तांबूस रेघा. इथवर सोपे आहे. माद्या आणि वर्षाच्या आतली पिल्ले मात्र दोन्हीकडे तपकिरी, दोन्हीकडे कमरेवर पांढरा ठिपका, दोन्हीकडे शेपटीवर पट्टे. गालावरच्या गडद डागामागे फिकट गळपट्टी स्पष्ट असली तर पांढुरकी, नसली तर माँटेग्यूची, अशा खुणांवर भिस्त ठेवावी लागते. आणि उडत्या पक्ष्याचा गाल सांजवेळी किती जणांना नीट दिसतो? माळावर कोणत्याही दिवशी राखी नरांपेक्षा तपकिरी पक्षी जास्त दिसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या इतिहासाचा गुंता उलगडू लागतो.

या गुंत्याचे पहिले टोक युरोपात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिकडच्या निसर्गअभ्यासकांचा समज असा होता की राखी भोवत्या ही एक जात आणि पट्टेरी शेपटीचा तपकिरी भोवत्या ही दुसरी. वस्तुतः ते नर आणि मादी होते. म्हणजे एका जातीच्या दोन केल्या गेल्या होत्या. त्याच वेळी उलट दिशेचीही गल्लत चालू होती: राखी नरांत दोन वेगळ्या जाती मिसळलेल्या होत्या आणि त्यांना एक मानले जात होते. हा दुहेरी गोंधळ मोडला तो जॉर्ज माँटेग्यू (१७५३–१८१५) या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने. नोकरी सुटल्यावर डेव्हनमध्ये राहून त्याने पक्ष्यांचा कोश लिहिला. १८०२ साली निघालेल्या त्या कोशात त्याने छोट्या, सडपातळ, राखी भोवत्याला निराळे काढले. दुसऱ्या गोंधळासाठी त्याने याहून साधा उपाय केला: युरोपातल्या दुसऱ्या, थोराड भोवत्याची पिल्ले घरट्यातून आणून वाढवली. एका पिल्लाला यथावकाश राखी पिसे आली आणि शतकभराचा वाद मिटला. कोशकाराला आपल्या नोंदीची सत्यता पडताळण्यासाठी शब्दच पाळून वाढवावा लागावा, असे भाग्य साहित्याच्या कोशकारांच्या वाट्याला क्वचित येते. माँटेग्यूच्या नावाचा भोवत्या तेव्हापासून त्याच्या नावाने ओळखला जातो, जरी त्याचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५८ सालीच देऊन ठेवले होते.

दुसऱ्या भोवत्याची नावे अधिक बोलकी आहेत. त्याचे पहिले वर्णन केले सॅम्युएल गॉटलिब ग्मेलिन याने, रशियाच्या वोरोनेझ भागातल्या पक्ष्यावरून, १७७०च्या सुमारास. लांब शेपटीवरून त्याने त्याला 'माक्रौरुस' म्हटले. हा ग्मेलिन रशियाच्या विज्ञान अकादमीसाठी कॅस्पियन समुद्राच्या काठाने फिरत असता कॉकेशसमधल्या एका स्थानिक सरदाराच्या कैदेत सापडला आणि १७७४ साली तेथेच वारला. त्याचे वर्णन अकादमीच्या लॅटिन कागदांत पडून राहिले. १८३० साली अँड्र्यू स्मिथ याने दक्षिण आफ्रिकेतून याच पक्ष्याला नवा समजून स्वेन्सनचे नाव दिले. आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८३२ साली, लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची 'दख्खन'मधल्या पक्ष्यांची यादी सादर झाली. तीत साइक्सने आपल्या माळावर पाहिलेल्या फिकट भोवत्याला 'पॅलिडस', म्हणजे फिका, निस्तेज, असे नाव दिले.

साइक्स हा काही छंद म्हणून पक्षी टिपणारा गोरा साहेब नव्हता. पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या हाती आलेल्या दख्खनची मोजदाद करण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ साली त्याला संख्याशास्त्रीय अहवालक नेमले होते. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या बाजूंनी तो गावोगाव फिरला. जमीन, पिके, बाजारभाव, जाती, पाऊस आणि त्याच वहीत पक्षी, असा त्याचा खाक्या. महसुलाची मोजणी आणि पक्ष्यांची मोजणी एकाच माणसाने, एकाच प्रवासात, एकाच सरकारी खर्चाने केली, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिचे पडसाद पुढे येतील. नांदूरघाट मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते. नगरच्या सरहद्दीपलीकडचा तो माळ साइक्सच्या कामाच्या कक्षेबाहेरचा. पक्ष्यांना अर्थातच ही सरहद्द ठाऊक नव्हती.

शास्त्रातला नियम असा की आधी दिलेले नाव टिकते. त्यामुळे आफ्रिकेतले नाव गेले, दख्खनचे नाव गेले आणि कैदेत मेलेल्या ग्मेलिनचे नाव राहिले. पण इंग्रजी बोलीभाषेने साइक्सची साथ सोडली नाही. आजही जगभर हा पक्षी इंग्रजीत 'पॅलिड' म्हणूनच ओळखला जातो. वोरोनेझ, दक्षिण आफ्रिका, दख्खन: एका पक्ष्याला तीन माणसांनी दिलेली ही तीन नावे नकाशावर मांडून पाहावीत. त्या पक्ष्याच्या जन्मभूमीची आणि हिवाळी मुक्कामांची चौकट त्यांतून आपोआप उमटते. ज्यांनी ती नावे दिली त्यांच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हते.

आता मराठीतले 'पांढुरका' पाहा. वरकरणी ते इंग्रजीचे भाषांतर दिसते आणि बहुधा आहेही. पण ज्या इंग्रजी शब्दाचे ते भाषांतर, तो शब्द मुळात सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उन्हात पक्षी पाहून सुचलेला. मराठी मुलखातली पाहणी लॅटिनमध्ये गेली, लॅटिनमधून इंग्रजीत रुळली आणि दीड शतकाने मराठीत परत आली. जुन्या इंग्रजी पक्षिग्रंथांतून हिंदुस्थानी पारध्यांकडून घेतलेली 'दस्तमाल' आणि 'गिरगिटमार' अशी दोन नावेही सापडतात. गिरगिटमार म्हणजे सरडे मारणारा. त्यात काव्य नाही, निरीक्षण आहे. दस्तमाल म्हणजे रुमाल. वाऱ्यावर सुटलेला पांढरा रुमाल गवतावरून भिरभिरत जावा, हे त्या नराचे दर्शन एका शब्दात बसवणारा पारधी कोण होता कोणास ठाऊक. कवितेच्या वर्गात प्रतिमा शिकवताना आम्हाला पुष्कळदा असे उदाहरण हवे असते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी 'पक्षिकोशा'त आणि आपल्या इतर लेखनात अशा लोकनावांचा जो साठा जमवला, त्याचे मोल मराठीच्या अभ्यासकांना अजून पुरते कळलेले नाही असे आमचे मत आहे. शब्दांचा कोश म्हणून तो वाचला जातो; पाहण्याच्या पद्धतींचा कोश म्हणून वाचला जात नाही.

असो. नावांपुरती ही कथा मनोरंजक आहे. पण आज नावाला जोडून एक शेरा येतो, आणि तो शेरा पक्ष्याचे भवितव्य ठरवू पाहतो. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत प्रत्येक जातीची प्रतवारी केलेली असते. तीत पांढुरका भोवत्या 'संकटसमीप' आहे, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. तर माँटेग्यूचा भोवत्या 'कमी चिंतेचा' आहे. वर्णनात हुबेहूब, सवयीत जवळजवळ सारखे, एकाच माळावर शेजारी झोपणारे हे दोघे. एकाची काळजी करा, दुसऱ्याची तितकी नको. हा फरक आला कोठून?

तो आला जन्मभूमीतून. पांढुरका भोवत्या हा स्टेपचा, म्हणजे दक्षिण रशिया आणि कझाकस्तानच्या गवताळ मैदानांचा पक्षी. तिथल्या उंदरांसारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांची संख्या ज्या वर्षी, ज्या भागात वाढेल तिकडे तो घरटे करतो. एका जागी त्याचा जीव रमत नाही. १९५४ साली ख्रुश्चेव्हच्या कारकिर्दीत सोव्हिएत सरकारने 'कुमारी भूमी' नांगराखाली आणण्याची मोहीम काढली आणि काही वर्षांत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर गवताळ जमीन गव्हासाठी फोडली गेली. जगाच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतके गवत क्वचितच उलथले गेले असेल. जमिनीवर घरटे करणाऱ्या, नैसर्गिक गवताशी बांधलेल्या पक्ष्याला हा घाव वर्मी बसणे अटळ होते. १९९१ नंतर सोव्हिएत शेती कोसळली, लाखो हेक्टर पुन्हा पडीक झाली आणि त्यांवर गवत परतले. अलीकडे हा पक्षी पश्चिमेकडेही सरकतो आहे: २०१७ साली नेदरलँड्समध्ये आणि २०१९ साली स्पेनमध्ये त्याने घरटे केल्याची नोंद आहे. हे विस्ताराचे लक्षण की विस्थापनाचे, यावर आम्ही बोलणे धाडसाचे होईल.

माँटेग्यूच्या भोवत्याने निराळा मार्ग धरला. गवत गेले तेव्हा त्याने गव्हाला आणि सातूलाच गवत मानले. फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स येथे तो उभ्या पिकात घरटे करतो. त्याची पिल्ले उडण्याआधी कापणीयंत्र आले की संपले. म्हणून त्या देशांत शेकडो स्वयंसेवक उन्हाळ्यात शेतांतून घरटी शोधतात, शेतकऱ्याशी बोलतात, घरट्याभोवती कुंपण घालतात. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रांतात बेन कोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून उभे केलेले काम या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध. थोडक्यात, तो वाचला आहे तो माणसांशी केलेल्या तडजोडीमुळे आणि काही माणसांनी त्याच्याशी केलेल्या तडजोडीमुळे. त्याची 'कमी चिंता' ही कुणीतरी सतत चिंता वाहिल्याचे फळ आहे.

येथवर लाल यादीचे म्हणणे बरोबर आहे, आणि जातींना वेगळे काढणाऱ्या माँटेग्यूशिवाय ते कळलेही नसते. पण यादी जगाची बेरीज करते; नांदूरघाटच्या माळाची नाही. हिवाळ्याच्या सहा महिन्यांत या दोघांवर जे संकट येते ते तंतोतंत एकच आहे. येथे कुणी गव्हात घरटे करीत नाही, कुणी उंदरांच्या मागे देश बदलत नाही. दोघांनाही दिवसा शिकारीला मोकळा माळ हवा आणि रात्री बसायला न चरलेले, गुडघाभर गवत हवे. ते गेले की दोघेही गेले. बंगळूरच्या 'अत्री' संस्थेचे टी. गणेश आणि प्रशांत एम. बी. यांनी २०१८ साली भारतातल्या भोवत्यांच्या रात्रनिवाऱ्यांवरच्या मोजण्या प्रथमच एकत्र मांडल्या. तीस वर्षांच्या त्या आकड्यांचा कल घसरणीकडे आहे. गुजरातेतले भावनगरजवळचे वेळावदर, जेथे १९९०च्या दशकात एका संध्याकाळी हजारोंनी भोवत्ये उतरताना मोजले गेले आणि जगातला सर्वांत मोठा रात्रनिवारा म्हणून त्याची ख्याती झाली, तेथेही पूर्वीचे दिवस राहिलेले नाहीत. 'कमी चिंतेचा' माँटेग्यू या घसरणीतून वगळलेला नाही.

मग आपल्याकडे माळाचे काय झाले? येथे साइक्सची वही पुन्हा उघडावी लागते. मुंबई इलाख्यात महसुली मोजणी झाली. निजामाच्या राज्यात सालारजंगाच्या सुधारणांनंतर तिच्याच धर्तीवर मराठवाड्यात झाली. या मोजणीने जमिनीचे दोनच मुख्य भाग ओळखले: सारा देणारी आणि न देणारी. न देणाऱ्या जमिनीला पडीक, बंजर, पोटखराब अशी नावे मिळाली. 'पोटखराब' हा शब्द आजही सातबाराच्या उताऱ्यावर असतो. जमिनीच्या पोटातच काही खराबी आहे, असे सुचवणारा तो शब्द ज्या तुकड्यांना लागतो, तेच पुष्कळदा माळावरचे उरलेसुरले गवत. गायरानाला गावाच्या गुरांमुळे थोडे संरक्षण होते. तेही अतिक्रमणांत, शासकीय वाटपांत आणि प्रकल्पांत झिजत गेले. १९८५ साली देशात पडीक जमीन विकासासाठी स्वतंत्र मंडळ निघाले. २००० साली उपग्रहचित्रांवरून भारताचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, आणि झुडपी माळ त्यात 'पडीक' या सदरात रंगवला गेला. साइक्सच्या वहीत जमीन आणि पक्षी शेजारी शेजारी होते. पुढच्या कागदांत ते वेगळे झाले. पक्षी शास्त्राकडे गेले, जमीन महसुलाकडे.

साहित्याने या महसुली नजरेला विरोध केला, असे म्हणायला फारसा आधार नाही. आपल्या कथा-कवितांत माळ येतो तो उजाड, ओसाड, रखरखीत, भकास या विशेषणांच्या दावणीला बांधलेला. हिरवे ते जिवंत, पिवळे ते मृत, हे समीकरण आपण इतके मुरवून घेतले आहे की निसर्गाची शाळकरी निबंधातली व्याख्याच झाडांपासून सुरू होते. व्यंकटेश माडगूळकर हा ठळक अपवाद. 'बनगरवाडी'तला (१९५५) माळ हा दारिद्र्याचा असला तरी रिकामा नाही. त्यावर मेंढरे आहेत, लांडगे आहेत, पाखरे आहेत आणि त्या सर्वांना ओळखणारी माणसे आहेत. पण माडगूळकरांच्या मागे जी वाट जायला हवी होती ती फारशी मळली नाही. या विशेषणांचे परिणाम वाङ्मयीन राहत नाहीत. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत चढत गेलेल्या वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. जंगल कमी म्हणून मराठवाड्याकडे त्यांत विशेष लक्ष होते. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु रोप लावायला जागा लागते, आणि 'रिकामी' जागा म्हणजे माळ. चर खणून गिरिपुष्पाची रांग लावलेल्या माळावर भोवत्या उतरत नाही. त्याच्या दृष्टीने ते जंगल नसते आणि गवतही नसते.

बीड जिल्ह्यात संरक्षित क्षेत्र नाही असे नाही. पाटोदा तालुक्यात नायगाव येथे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे. मोर हा राष्ट्रीय पक्षी, त्याला वाङ्मयात आणि देवघरात जागा आहे, तेव्हा त्याच्या नावाने अभयारण्य होणे समजण्यासारखे आहे. शेजारच्या सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले. त्यात गावे, शेते, तालुक्याची ठिकाणे सगळेच सापडले, लोक चिडले, आणि अखेरीस ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक त्याआधीच जवळजवळ संपला होता. माळासाठी मोठे अभयारण्य काढण्याचा हा मार्ग पुन्हा कुणी चोखाळेल असे वाटत नाही, आणि भोवत्यासाठी तो योग्यही नाही. जो पक्षी रब्बीच्या ज्वारीवरून, हरभऱ्यावरून, गायरानावरून एका दिवसात फिरतो, त्याला सीमेत कोंडता येत नाही. त्याच्यासाठी गावागणिक दहा-वीस एकर न चरलेले गवत राखणे हाच मार्ग उरतो, आणि तो वन विभागापेक्षा ग्रामसभेच्या हातातला आहे.

कायद्याची नोंद घेणे येथे भाग आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दीर्घकाळ एकच ओळ होती, जिचा अर्थ 'श्येनकुळातले सर्व' असा होतो. म्हणजे कायद्यानेही अमरकोशाचाच मार्ग पत्करला होता. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने रचल्या गेल्या आणि तेथे जातींची नावे एकेक करून आली. शिकारीपासून पक्ष्याचे रक्षण करायला दोन्ही पद्धती पुरेशा आहेत. पण या भोवत्यांना माळावर बंदुकीने फारसे कुणी मारत नाही. त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली जाते, आणि त्यासाठी अनुसूचीत कलम नाही. बालाघाटाच्या उंचवट्यांवर आता पवनचक्क्या फिरतात, सपाट तुकड्यांवर सौरपट्ट्या येतात. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. यातला कोणताही बदल बेकायदेशीर नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी पक्ष्यांच्या अहवालांत येत नाही. भोवत्ये माळावर येतात त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, बीड जिल्ह्यातली लाखो माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. केज तालुका याला अपवाद नाही. भोवत्ये परतायला लागतात तेव्हा ही माणसे गावी परतू लागतात. दोन्ही स्थलांतरांची तुलना करून काव्य करण्याचा मोह आम्ही टाळतो. कोयता घेऊन निघालेल्या बाईला पंख नसतात. आमचा मुद्दा ज्ञानापुरता आहे. ज्या माणसांचा वावर माळावर सर्वांत जास्त, जी गवताची आणि जनावरांची पारख बाळगून असतात, ती नेमकी त्याच महिन्यांत गावात नसतात. हिवाळ्यात माळाकडे पाहणारे डोळे उरतात ते म्हाताऱ्यांचे, मेंढपाळांचे आणि शाळकरी मुलांचे. पक्षीनिरीक्षक येतात ते शहरांतून, रविवारी, नन्नजला किंवा रेहेकुरीला. नांदूरघाटसारख्या गावाचा माळ त्यामुळे दोन्हीकडून अदृश्य राहतो: गावकरी बाहेर आणि निरीक्षक दुसरीकडे. जो माळ कुणी पाहिलाच नाही त्यावरचे पक्षी कमी झाले हे कळणार तरी कसे? गावच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी जानेवारीतल्या दोन संध्याकाळी गवतात उतरणारे भोवत्ये मोजले, तर दोनशे वर्षांपूर्वी साइक्सच्या वहीतून सुटलेल्या या गावाची ती पहिली नोंद ठरू शकेल.

त्या मुलांना नर-मादी, गळपट्टी, पंखांवरची पाचर हे सारे जमेलच असे नाही, आणि जमले नाही तरी बिघडणार नाही. जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी साठवणाऱ्या 'ईबर्ड' या संकेतस्थळावर एक सोय केलेली आहे. सांजवेळी दिसलेला तपकिरी पक्षी या दोघांपैकी कोणता हे ठरत नसेल, तर दोन्ही नावे तिरप्या रेघेने जोडून तयार केलेल्या एका सदरात त्याची नोंद करता येते: पांढुरका किंवा माँटेग्यूचा. जगातले सर्वांत कसलेले निरीक्षकही हिवाळ्यात हे सदर बिनदिक्कत वापरतात. मराठीत त्या सदराला भोवत्या म्हणतात.